‘नंबर बोला’ म्हटलं की काय बोलायचं? मुंबईत नव्याने स्मार्टफोन वापरणाऱ्यांसाठी

काउंटरवरचा मुलगा मान वर न करता म्हणतो, “नंबर बोला.” आपण बोलतो. मागच्या रांगेतले सातआठ जण ऐकतात. तूरडाळ, साबण आणि पावभर शेंगदाणे घेताना आपला मोबाइल नंबर चारचौघांत जाहीर करून आपण घरी येतो, आणि दुपारी जरा डोळा लागतोय तोच कुणीतरी लाडात विचारतं, “मॅडम, पर्सनल लोन घेणार का?”

परळला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये मी दर रविवारी सकाळी फोनचा वर्ग घेते. रविवार अशासाठी की मेगाब्लॉक असतो, कुणाला कुठे जायची घाई नसते. येणारे बहुतेक साठीच्या पुढचे. काही घरकाम करणाऱ्या ताई असतात, आणि नोकरीसाठी गावाहून नुकतीच आलेली दोनचार मुलंही. पहिल्या दिवशी कुणीतरी हमखास म्हणतं, “आपल्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?”

मी चाळीत वाढले. दहा बाय बाराची खोली, सात माणसं, दार दिवसभर सताड उघडं. तरी दाराला पडदा होता. त्या पडद्याआड कुणी सोनं दडवलं नव्हतं. कुणी जेवत असायचं, कुणी कपडे बदलत असायचं, एवढंच. शेजारच्या काकूंना आमच्या घरातलं इत्थंभूत ठाऊक असायचं हे खरं, पण काकूंच्या घरातलं आम्हालाही ठाऊक असायचं. हिशेब बरोबरीचा होता. फोनमध्ये तो हिशेब एकतर्फी होतो. आपलं ज्याला कळतंय तो कोण, बसलाय कुठे, पुढे कुणाला विकतोय, यातलं काहीच आपल्याला दिसत नाही.

म्हणून माझ्या वर्गात एकच प्रश्न घोकून घेतला जातो. कुणीही काहीही मागितलं, मग ते ॲप असो, दुकानदार असो की वॉचमन, आधी मनात विचारायचं: याला हे कशाला हवंय? रिक्षावाल्याला कुठे जायचंय ते सांगावं लागतं, पण घरी कोण आहे ते सांगावं लागत नाही. ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्यायचं. पुढचं सगळं या एका प्रश्नाचंच काम आहे. एका बैठकीत उरकू नका. आम्ही सहा रविवार घेतो.

पहिला रविवार: ॲपना काय काय दिलंय ते बघा

फोनच्या सेटिंग्जमध्ये जा. अँड्रॉइड असेल तर ‘प्रायव्हसी’ किंवा ‘सिक्युरिटी अँड प्रायव्हसी’ शोधा, त्यात ‘परमिशन मॅनेजर’ सापडेल. आयफोनमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’. आत कॅमेरा, मायक्रोफोन, लोकेशन, कॉन्टॅक्ट्स अशी यादी असते, आणि प्रत्येकावर बोट ठेवलं की कोणत्या ॲपला ते दिलेलं आहे हे दिसतं.

गेल्या वर्षी एका मावशींच्या फोनवर आम्ही ही यादी सगळ्यांसमोर उघडली. मायक्रोफोनखाली चौदा ॲप निघाली. त्यात एक पंचांगाचं. कॉन्टॅक्ट्समध्ये पाहिलं तर तिथेही तेच. मावशी चष्मा वर करून म्हणाल्या, “अगं, एकादशी कधी ते सांगायला याला माझ्या भावाचा नंबर कशाला?” त्या दिवसापासून मी हा धडा माझ्या शब्दांत सांगत नाही, मावशींच्याच शब्दांत सांगते.

ॲप लबाडच असतं असं नाही. बऱ्याचदा बनवणाऱ्याने जाहिरातींसाठी दुसऱ्या कुणाचा तयार तुकडा आत बसवलेला असतो आणि तो तुकडा हे सगळं मागतो. आपल्याला कारण शोधत बसायची गरज नाही. परवानगी काढून घ्या. ॲपचं खरोखर अडलं तर ते पुन्हा मागेल.

लोकेशनचं थोडं वेगळं आहे, कारण मुंबईत त्याशिवाय पान हलत नाही. लोकलचं तिकीट मोबाइलवर काढायचं तर ॲप तुमची जागा बघतंच: तुम्ही आधीच फलाटावर किंवा गाडीत चढून, टीसी दिसल्यावर तिकीट काढत नाही ना, हे त्याला तपासायचं असतं. मागणी रास्त आहे. टॅक्सीच्या ॲपचीही रास्त. अशांना ‘ॲप वापरताना फक्त’ हा पर्याय द्या, ‘कायम’ देऊ नका. हवामानाच्या ॲपला तुमची गल्ली कळायची गरज नसते, ‘मुंबईत आहे’ एवढं पुरतं. त्यासाठी ‘प्रिसाइज लोकेशन’ची कळ बंद करा. अँड्रॉइड १२ पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून ही सोय आहे.

त्याच आवृत्त्यांपासून आणखी एक गोष्ट आली: कॅमेरा किंवा माइक चालू झाला की पडद्याच्या वर छोटा ठिपका दिसतो. अँड्रॉइडवर हिरवा, आयफोनवर माइकसाठी नारिंगी, कॅमेऱ्यासाठी हिरवा. आपण काहीच करत नसताना ठिपका पेटला तर वरून खाली बोट ओढून कोण आहे ते बघा.

दुसरा रविवार: ‘फोन आपलं बोलणं ऐकतो का?’

हा प्रश्न दर वेळी येतो, आणि प्रत्येकाकडे त्याची गोष्ट असते. जेवताना मिक्सरबद्दल बोललो आणि रात्री मिक्सरची जाहिरात आली. मलाही असं झालंय.

मोठ्या कंपन्या दिवसरात्र माइक चालू ठेवून आपल्या गप्पा ऐकतात, याचा पक्का पुरावा आजवर पुढे आलेला नाही. खरं सांगायचं तर त्यांना तेवढे कष्ट घ्यायची गरजच पडत नाही. मिक्सरबद्दल आपण बोललो तेव्हा घरातल्या कुणीतरी, त्याच वाय-फायवर, मिक्सरच्या किमती शोधल्या होत्या. आमच्याकडे ती जाऊबाई होती. एकाच वाय-फायवरचे फोन बाहेरून एकाच पत्त्याचे दिसतात. त्यात आपण कोणत्या दुकानात किती वेळ थांबलो, कोणता व्हिडिओ अर्ध्यावर सोडला, कोणत्या वस्तूवर बोट रेंगाळलं, हे सगळं मिळवलं की अंदाज बांधायला कान लावावा लागत नाही.

वेबसाइट उघडताना पान वर यायला जो क्षणभर लागतो ना, तेवढ्यात त्यावरच्या रिकाम्या चौकटीचा लिलाव होऊन जातो. ‘असा असा फोन, अमुक भागात, वय साधारण इतकं, हल्ली भांडी बघतोय’ एवढं वर्णन लिलावात भाग घेणाऱ्यांकडे जातं, यंत्रं बोली लावतात, जिंकणाऱ्याची जाहिरात दिसते. हारलेल्यांनाही ते वर्णन कळलेलंच असतं. मला या सगळ्यात सर्वांत जास्त खटकते ती हीच गोष्ट.

आता करायचं काय? तीन कामं आहेत, दहा मिनिटांत होतात. अँड्रॉइडमध्ये प्रायव्हसीखाली ‘ॲड्स’ शोधून ‘डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी’ दाबा. तो आयडी म्हणजे जाहिरातवाल्यांनी आपल्या फोनला लावलेला बिल्ला. आयफोनवर ‘ट्रॅकिंग’मध्ये जाऊन ॲपना विचारण्याचीच परवानगी बंद करा, ही सोय ॲपलने २०२१ मध्ये आणली. मग गूगल खात्यात ‘डेटा अँड प्रायव्हसी’ उघडा. तिथे ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’मध्ये तुम्ही शोधलेलं सगळं तारीखवार सापडेल. ते आपोआप पुसायची मुदत तीन, अठरा किंवा छत्तीस महिने ठेवता येते. तीन ठेवा.

ही यादी पहिल्यांदा वाचताना एकट्याने वाचा. आमच्या वर्गात एका काकांनी स्वतःची यादी मोठ्याने वाचायला घेतली आणि तिसऱ्या ओळीला त्यांना खोकल्याची उबळ आली. ‘लपवण्यासारखं काय आहे’ हे त्यांचंच वाक्य होतं.

तिसरा रविवार: व्हॉट्सॲप

व्हॉट्सॲपचे मेसेज एप्रिल २०१६ पासून कुलूपबंद जातात. पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय, खुद्द कंपनीलाही, मजकूर वाचता येत नाही. हे खरं आहे. पण पाकीट बंद असलं तरी पोस्टमनला पत्ता दिसतोच. तुम्ही कुणाशी, केव्हा, किती वेळा बोललात, कोणत्या ग्रुपमध्ये आहात ही माहिती कंपनीकडे असू शकते, आणि कंपनी फेसबुकवाल्या मेटाची आहे. शिवाय चॅटचा बॅकअप, म्हणजे राखीव प्रत, क्लाउडवर जात असेल तर त्याचं कुलूप आपल्याला स्वतः लावावं लागतं: सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, आणि तिथे ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’.

माझ्या अनुभवात मात्र सामान्य माणसाची गळती कंपनीतून होत नाही, ग्रुपमधून होते. लग्नाचा ग्रुप, मंडळाचा ग्रुप, शाळेच्या १९७८ च्या बॅचचा ग्रुप, पाणी कधी येणार त्याचा ग्रुप. तीनशे माणसं, त्यातली चाळीस ओळखीची, आणि बाकी सगळ्यांना तुमचा नंबर आणि बरेचदा फोटोसुद्धा दिसतोय. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘प्रायव्हसी’त ‘ग्रुप्स’ असं आहे. तिथे ‘एव्हरीवन’च्या जागी ‘माय कॉन्टॅक्ट्स’ करा. तिथेच प्रोफाइल फोटो, लास्ट सीन आणि स्टेटस कुणाला दिसावं हेही ठरतं.

स्टेटसबद्दल चाकरमान्यांना खास सांगणं. गणपतीला गावी निघताना पनवेलच्या पुढचा फोटो, सावंतवाडीचा फोटो, मग ‘आठ दिवस नो नेटवर्क’. म्हणजे मुंबईतलं घर आठ दिवस बंद आहे हे दूधवाल्यापासून जुन्या भाडेकरूपर्यंत सगळ्यांना कळवलं. फोटो परत आल्यावर टाका. गणपती तोच असतो.

मग ‘अकाउंट’मध्ये जाऊन ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करा. सहा आकडी पिन. कुणी तुमच्याकडून ओटीपी काढून घेतला तरी या पिनशिवाय तुमचं व्हॉट्सॲप त्याच्या फोनवर सुरू होणार नाही. शेवटी ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ बघा. ऑफिसच्या किंवा दुकानाच्या संगणकावर कधीतरी जोडलेलं तिथे तसंच लोंबत असतं.

आणि लग्नपत्रिका. अनोळखी नंबरवरून पत्रिका आली आणि फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरं असली तर ती पत्रिका नाही, ते ॲप आहे. उघडलं की ते तुमचे मेसेज वाचायला लागतं, ओटीपीसकट. ट्रॅफिकच्या चलनाच्या नावानेही अशाच फाइली फिरतात. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते. खरा यजमान फोन करतोच. नाही केला तर पुढे वर्षभर बोलणी त्यालाच खावी लागतात.

चौथा रविवार: आधार आणि झेरॉक्सचं दुकान

या रविवारी मी सगळ्यांत जास्त वेळ घेते, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. सगळे हॅकरची भीती घालतात आणि झेरॉक्सवाल्याकडे आधार व्हॉट्सॲप करतात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. स्टेशनबाहेरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मला दोन पानं छापायची होती. भिंतीवर ठळक अक्षरांत नंबर लिहिलेला: ‘इथे पाठवा’. मी पाठवली. दुकानदाराने संगणकावर व्हॉट्सॲप उघडलं, फाइल उतरवली आणि शोधायला ‘डाउनलोड्स’ फोल्डर उघडलं. काउंटरवरून मला पडदा सरळ दिसत होता. चित्रांच्या छोट्या चौकटी, ओळीमागून ओळ. आधार, आधार, पॅन, मार्कशीट, कुणाचा भाडेकरार, कुणाचा रक्ताचा रिपोर्ट, पुन्हा आधार. तो माउस फिरवत खाली गेला, खाली गेला, आणि फोल्डर काही संपेना. माझं पान सापडलं, त्याने छापलं, म्हणाला “दस रुपया”, आणि पुढच्या माणसाचं काम घेतलं. त्याच्या मनात काहीही वाईट नव्हतं. त्याला ते पुसायचं सुचलंच नव्हतं, इतकंच. तो संगणक दुरुस्तीला जाईल, पुढे भंगारात विकला जाईल, तेव्हा ते सगळे लोक त्याच्यासोबत जातील.

तर कागदपत्रं छापायची असतील तेव्हा शक्यतो पेनड्राइव्ह न्या आणि आपल्यासमोर काढून घ्या. मेसेज केलाच तर काम झाल्यावर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करा, आणि उतरवलेली फाइल त्याच्यासमोरच पुसायला सांगा, रिसायकल बिनमधूनसुद्धा. लाजू नका. मी सांगते तेव्हा बहुतेक दुकानदार हसून करतात. एकाने तर उलट विचारलं, “सगळंच उडवू का, मॅडम?”

दुसरं, पूर्ण आधार देऊच नका. यूआयडीएआय, म्हणजे आधार देणारी सरकारी संस्था, तिच्या वेबसाइटवरून आधार डाउनलोड करताना ‘मास्क्ड आधार’ असा पर्याय येतो. त्यात बारा आकड्यांपैकी शेवटचे चारच दिसतात. हॉटेलात खोली घेताना किंवा घरमालकाला देताना एवढं बहुतेक ठिकाणी चालतं. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे तुमच्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. म्हणजे ज्याला तुमचं नाव आणि वय ठाऊक आहे त्याला पासवर्डही ठाऊक आहे. ‘पासवर्ड आहे की’ म्हणून निर्धास्त राहू नका.

तिसरं, बोटांचे ठसे कुलूपबंद करा. आधार जोडलेल्या बँक खात्यातून नुसत्या अंगठ्यावर पैसे काढण्याची सोय आहे, आणि ठशांच्या नकला करून ते पैसे चोरल्याच्या घटना देशात घडल्या आहेत. आधारच्या ॲपमध्ये किंवा वेबसाइटवर ‘बायोमेट्रिक लॉक’ आहे. रेशनला अंगठा लागतो, त्या दिवशी तात्पुरतं उघडा. आपलं आधार कुठे कुठे वापरलं गेलं याची मागच्या सहा महिन्यांची नोंदही तिथेच मिळते. मदतीला १९४७ हा नंबर आहे.

बँकेत किंवा सिमच्या दुकानात ‘आधारच पाहिजे’ असं कुणी अडवलं तर शांतपणे सांगा की दुसरं मान्य ओळखपत्र घ्या. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात ही सक्ती चालणार नाही असं सांगितलेलं आहे. त्याच्या आदल्या वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ ला, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने ठरवलं. खटला घेऊन गेले होते के. एस. पुट्टस्वामी, स्वतः निवृत्त न्यायमूर्ती. अर्ज केला तेव्हा वय ऐंशीच्या पुढे. माझ्या वर्गातल्या ‘आता या वयात कशाला’ म्हणणाऱ्यांना मी हे मुद्दाम ऐकवते.

पाचवा रविवार: काउंटर आणि गेट

आता ‘नंबर बोला’कडे. ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळवलं आहे की बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती करता येणार नाही. म्हणून म्हणायचं, “नंबर देत नाही, कागदावर बिल द्या.” एवढंच, आवाज न चढवता. मुलगा कधी म्हणतो की सिस्टीम पुढे जात नाही. मग म्हणायचं, “तुमच्या दुकानाचा टाका.” सिस्टीम लगेच पुढे जाते. पॉइंट्स हवे असतील तर जरूर द्या, पण मग तो सौदा आहे हे ओळखून द्या, आणि बोलू नका, यंत्रावर स्वतः दाबा.

जे नंबर आधीच सुटले त्यांच्यासाठी १९०९ वर फोन करून जाहिरातींचे कॉल बंद करायची नोंद करा. सगळे थांबत नाहीत, कमी होतात. १४० ने सुरू होणारा नंबर जाहिरातीचा असतो, हे ओळखून ठेवा.

‘डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम’ २०२३ चा आहे (विदा म्हणजे डेटा). नाव वाचेपर्यंत डिजिटल काही उरत नाही, पण त्यात कामाचं बरंच आहे: कंपनीने आपली कोणती माहिती ठेवली हे विचारता येईल, चुकीची दुरुस्त करून घेता येईल, नको ती पुसायला लावता येईल, आणि दिलेली संमती मागे घेता येईल. माहिती नीट न सांभाळणाऱ्या कंपनीला २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार. तोवर आपलं तोंड हाच आपला कायदा.

सोसायटीच्या गेटवर दोन तऱ्हा असतात. जुन्या इमारतीत वही: नाव, नंबर, फ्लॅट, सही. ती टेबलावर उघडी पडलेली आणि पुढचा माणूस मागच्या दहा जणांचे नंबर आरामात वाचतो. नव्या टॉवरमध्ये ॲप. तुम्ही कमिटीवर असाल तर दोन प्रश्न सभेत विचारा: पाहुण्यांची माहिती किती दिवस ठेवतो आणि ती कोण बघू शकतं. आमच्याकडे विचारलं तेव्हा सेक्रेटरींनाही ठाऊक नव्हतं.

आणखी एक, जे मला वर्गातल्या एका ताईंनी शिकवलं. त्या चार घरी काम करतात. त्या म्हणाल्या, “मी किती वाजता आत गेले, किती वाजता बाहेर पडले, ते सगळ्या बिल्डिंगला मोबाइलवर दिसतं. मला तुमच्या कुणाचं दिसत नाही.” काही ॲपमध्ये त्यांना तारेही देता येतात, हॉटेलला देतात तसे. आपल्या नंबरसाठी काउंटरवर भांडणाऱ्यांनी हे ऐकून घ्यायला हवं. आम्ही निदान ते तारे बंद करून घेतले.

रेल्वे स्टेशनच्या फुकट वाय-फायचं थोडक्यात. मुंबई सेंट्रल हे गूगल आणि रेल्वेची कंपनी रेलटेल यांची अशी सोय मिळालेलं देशातलं पहिलं स्टेशन, जानेवारी २०१६ मध्ये. गूगल नंतर बाहेर पडलं, रेलटेलचं चालू आहे. फुकट वाय-फायची जेवढी भीती घालतात तेवढी आता उरलेली नाही, कारण बहुतेक साइट आणि ॲप आपला मजकूर कुलूप लावूनच पाठवतात. खरा धोका खोट्या नावाच्या वाय-फायचा. पैशांचं काम आपल्या मोबाइल डेटावर करा, क्रिकेटचा स्कोअर हवा तिथे बघा. आणि डब्यात कार्डाचे आकडे मोठ्याने सांगू नका. लेडीज डब्यात मी दादर ते ठाणे एका बाईंचं सोळा आकडी कार्ड, मुदत आणि मागचे तीन आकडे इतके नीट ऐकलेत की मुलुंडला मीच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

सहावा रविवार: पैसे, आणि हरवलेला फोन

यूपीआयचा आयडी बहुतेक वेळा आपल्या मोबाइल नंबरचाच बनलेला असतो. म्हणजे अंधेरीत रिक्षाचे साठ रुपये दिले की रिक्षावाल्याकडे नाव आणि नंबर दोन्ही जाऊ शकतात. एकट्या राहणाऱ्या मुलींना मी हे आधी सांगते. ॲपमध्ये जाऊन नंबर नसलेला दुसरा यूपीआय आयडी बनवा आणि तोच मुख्य ठेवा. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही; पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत.

फोनवर कुणी तुमचं नाव, पत्ता, आधारचे शेवटचे आकडे बरोब्बर सांगितले की माणूस विश्वास ठेवतो: ‘त्याला सगळं ठाऊक होतं, म्हणजे खराच असणार.’ पाच रविवार आपण जे बघितलं त्यावरून उलटं समजायला हवं. ही माहिती झेरॉक्सच्या फोल्डरमध्ये आहे, गेटच्या वहीत आहे, लग्नाच्या ग्रुपमध्ये आहे. ती ठाऊक असणं हा कसलाच पुरावा नाही. पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉलवर येऊन ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ म्हणणारे याच भांडवलावर धंदा करतात. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. फोन ठेवा. पैसे गेलेच तर लाजत, घरच्यांपासून लपवत बसू नका. लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, १९३०, फिरवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते बघता येतं. एका माणसाला महाराष्ट्रात नऊच सिम घेता येतात. आमच्यातल्या एका काकूंच्या नावावर सहा निघाली, त्यातली दोनच त्यांची. बाकीची तिथूनच ‘माझी नाहीत’ म्हणून कळवली.

लोकलच्या दारात उभं राहून फोन बघू नका हे मुंबईत सांगायला नको. रुळांच्या कडेला काठी घेऊन बसलेले हातावर फटका मारतात आणि फोन खाली. चोराला फोन हवा असतो, पण त्यातलं सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं की तुमचे ओटीपी त्याला यायला लागतात. म्हणून सिमलाही पिन लावा, सेटिंग्जमध्ये ‘सिम लॉक’ आहे. आधी कंपनीकडून मूळ पिन विचारून घ्या. तीनदा चुकला तर सिम बंद पडतं आणि पीयूके नावाचा वेगळा आकडा मागवावा लागतो. बंद पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसणंही थांबवा.

फोन गेलाच तर या क्रमाने: सिम बंद करा, बँकेला सांगा, पोलिसांत तक्रार नोंदवा, मग संचार साथीवर फोनचा आयएमईआय देऊन तो देशभर ब्लॉक करा. हा पंधरा आकडी क्रमांक आजच काढून ठेवायचा. डायल करायच्या जागी तारा, हॅश, शून्य, सहा, हॅश (*#06#) दाबा, लगेच दिसतो. दोन सिमचा फोन असेल तर दोन क्रमांक येतात, दोन्ही लिहून घ्या. तो फोनमध्येच साठवून उपयोग नाही, हे दर वर्षी कुणाला तरी समजवावं लागतं. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहा: आयएमईआय, बँकेचा नंबर, १९३०. गॅसच्या नंबराशेजारी.

पिन मात्र तिथे लिहू नका. आमच्या एका काकांनी लिहिला होता, आणि त्याच्यापुढे कंसात, ठळक अक्षरांत: ‘कोणासही सांगू नये.’